भाड्याचा जनरेटर घराला जोडण्यापूर्वी

जनरेटर घ्यायला किंवा भाड्याने आणायला निघालेला माणूस साधारण तीन प्रश्न विचारतो. किती किलोवॅटचा आहे? तासाला पेट्रोल किती खातो? आणि पैसे किती? चौथा प्रश्न विचारणारा माणूस मला फार क्वचित भेटला आहे. तो प्रश्न असा : रिकामा चालताना हा जनरेटर किती व्होल्ट देतो, आणि भार टाकल्यावर किती? आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या चौथ्या प्रश्नाबद्दल. कारण पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे चुकली तर खिशाला चाट बसते. चौथ्याचे चुकले तर घरातला फ्रिज, टीव्ही आणि पाण्याची मोटार एका संध्याकाळी जाऊ शकते.

मी काही इंजिनियर नव्हे. तरुणपणी मुंबईच्या एका कापड गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात हेल्पर होतो. 1982 चा संप झाला आणि आमच्यासारखे हजारो कोकणी लोक गावाकडे परतले, त्यांत मीही आलो. तेव्हापासून रायगड जिल्ह्यात आमच्या वाडीवर थोडी सुपारी, थोडे नारळ, पावसाळ्यात भात, आणि गरज पडेल तशी लोकांची फिटिंगची व मोटारींची कामे, असा माझा संसार चालला आहे. गिरणीतल्या फोरमनसाहेबांनी एक सवय मात्र कायमची लावली. आधी मीटर लावायचा, मग हात लावायचा.

आता मुळापासून बघू. आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची आणि 50 सायकलची, म्हणजे हल्लीच्या भाषेत 50 हर्ट्झची, असे ठरलेले आहे. पण ठरलेले म्हणजे तंतोतंत तेवढेच नव्हे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याला ठरलेल्या व्होल्टेजच्या वरखाली 6 टक्के आणि सायकलला 3 टक्के सूट दिलेली होती. हिशेब केला तर 216 पासून 244 व्होल्टपर्यंत, आणि साडेअठ्ठेचाळीस ते साडेएक्कावन्न हर्ट्झपर्यंत. घरातली बरीचशी उपकरणे याहून थोडी जास्त सोसतात. दोन्ही बाजूंना 10 टक्के, म्हणजे 207 ते 253 व्होल्ट, एवढे बहुतेकांना चालते. ही दोन कुंपणे ध्यानात ठेवा. आतल्या कुंपणात आहात तोवर निर्धास्त. दोन कुंपणांच्या मध्ये आहात तर लक्ष ठेवा. बाहेरच्या कुंपणापलीकडे गेलात तर बटण बंद करा, मग कोणी काही म्हणो.

छोट्या जनरेटरचे गणित सोपे आहे. एका माणसाला किंवा दोघांना उचलता येणाऱ्या पेट्रोलच्या जनरेटरमध्ये बहुधा दोन पोलचा अल्टरनेटर असतो. तो मिनिटाला 3000 फेरे फिरला की 50 हर्ट्झ मिळतात. फेरे वाढले की हर्ट्झ वाढतात, आणि साध्या जनरेटरमध्ये व्होल्टही वाढतात. आता बैलगाडीच आठवा. सपाटीला बैल चालीत चालतात, चढ लागला की मंदावतात, तेव्हा गाडीवान हाळी देतो. इंजिनात गाडीवानाचे काम गव्हर्नर करतो. भार आला की तो पेट्रोल वाढवतो, भार गेला की कमी करतो. पण छोट्या इंजिनाचा गव्हर्नर हा तारा आणि स्प्रिंगांचा साधा गाडीवान आहे. भार पडल्यावर चाल थोडी मंदावतेच. म्हणून कारखान्यात तो असा लावतात की रिकामा असताना साधारण 52 हर्ट्झ, फार तर साडेबावन्न, आणि पूर्ण भारावर 50 च्या आसपास. यात दोष काही नाही. तो त्याचा स्वभाव आहे.

रिकामे आणि भरलेले यांच्यातल्या व्होल्टच्या फरकाला जाणकार रेग्युलेशन म्हणतात. समजा रिकामा असताना 242 व्होल्ट आणि पूर्ण भारावर 220 व्होल्ट मिळाले. फरक 22 चा. त्याला 220 ने भागले की 10 टक्के आले. जितके टक्के कमी तितका जनरेटर स्थिर.

या बाबतीत बाजारात तीन जातीचे जनरेटर मिळतात. पहिला कंडेन्सरचा. त्याच्यात व्होल्टेज सांभाळणारा वेगळा भाग नसतो, एक कंडेन्सर सगळे काम करतो. रचना साधी, बिघाड कमी, किंमत कमी, पण व्होल्टेज इंजिनाच्या चालीवर जाते. दोन्हीकडे 10 टक्क्यांत राहिला तर त्याने आपले काम चोख केले असे समजावे. दुसरा एव्हीआरचा. त्याच्यात एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी असते, ती भार पाहून आतले चुंबकत्व कमीजास्त करते. धडधाकट असेल तर व्होल्टेज 5 टक्क्यांच्या आत ठेवतो. पण एक सांगतो, ही पेटी व्होल्ट सांभाळते, हर्ट्झ नव्हे. इंजिन दमले तरी मीटरवर 230 दिसू शकतात, आणि मोटार मात्र कमी सायकलवर तापत राहते. म्हणून एव्हीआर असला तरी दोन्ही आकडे पाहावेत. तिसरा इन्व्हर्टरचा. यात तयार झालेली वीज आधी सरळ प्रवाहात बदलतात आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची पुन्हा नीट 50 हर्ट्झची लाट करते. इंजिन हळू चालो की जोरात, बाहेर येणारी वीज स्वच्छ. आवाजही कमी. पण किंमत जास्त, आणि मोटार सुरू होतानाचा धक्का सोसायची ताकद बेताची.

हे सगळे पुस्तकी वाटेल, म्हणून आमच्या वाडीत काय घडले ते सांगतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. सुपारीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली, विजेचे खांब वाकून पडले. कोरोनाचे दिवस, मुंबईचे चाकरमानी घरोघर येऊन राहिलेले, आणि वाडीत वीज नाही. विहिरीला पाणी होते, पण पंप चालत नव्हता. माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, साखरेचा आजार. तिच्या इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजमध्ये. डॉक्टरांनी 2 ते 8 अंशांत ठेवायला सांगितलेल्या. रस्ते झाडांनी बंद, औषधाचे दुकान लांब. आम्ही बाटल्या ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवल्या, पण त्यावर किती दिवस निभावणार याची काळजी सगळ्यांनाच होती.

आठवड्याने सहा घरांनी वर्गणी काढून एक जनरेटर भाड्याने आणवला. तीन केव्हीएचा, पेट्रोलवरचा, कंडेन्सरचा. रोज संध्याकाळी दोन तास चालवायचा, असा बेत. त्या दोन तासांत पंपाने टाकी भरायची, फ्रिज गार करून घ्यायचा, आणि सगळ्यांचे मोबाइल चार्ज करायचे. जनरेटरवाल्याने तो आमच्या पडवीबाहेर ठेवला आणि विहिरीपर्यंत जवळजवळ 90 मीटर वायर ओढली. पंप एक हॉर्सपॉवरचा. बटण दाबले. पंप नुसता गुरगुरला, फिरला नाही. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. बायामाणसे हंडे घेऊन रांगेत उभी.

तेव्हा त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि गव्हर्नरचा स्क्रू दोन-तीन फेरे आवळला. इंजिन ओरडू लागले. पंप सुरू झाला. सगळ्यांना बरे वाटले. "आता लाइटी आणि फ्रिज जोडा," तो म्हणाला.

मी मल्टिमीटर आणायला घरात गेलो होतो, तो घेऊन आलो. पंप चालू असताना 236 व्होल्ट दाखवत होता. मी म्हटले, "भाऊ, पंप क्षणभर बंद करा." पंप बंद केला आणि आकडा 278 वर जाऊन थांबला. हर्ट्झ 56.

थोडा विचार करा. टाकी भरल्यावर कोणीतरी पंप बंद करणारच. त्या क्षणी त्याच वायरीवर फ्रिज, टीव्ही, आठ-दहा मोबाइल चार्जर लागलेले असणार. आदल्या दिवशी पलीकडच्या वाडीत याच जनरेटरवर एका घरचा टीव्ही आणि दुसऱ्याचा फ्रिज गेल्याचे आम्हाला मागाहून कळले. तिथे लोकांनी वादळाला बोल लावला होता.

जनरेटरवाला माझ्यावर चिडला. "काका, लोकांना पाणी पाहिजे, तुम्ही आकडे काय बघत बसलात?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. लोकांना पाणी पाहिजेच होते. रांगेतून दोन-चार जण त्याच्या बाजूने बोललेही. पण पंप का फिरत नाही हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर इंजिनात नव्हते, वायरीत होते.

त्याची वायर दीड चौरस मिलिमीटरची होती. अशा तांब्याच्या वायरीचा रोध दर किलोमीटरला सुमारे 12 ओहम असतो. 90 मीटर जाताना आणि 90 मीटर येताना, म्हणजे 180 मीटर. रोध झाला सव्वादोनच्या जरा आत, 2.18 ओहम. पंप चालू असताना 6 अँपिअर घेतो, तेव्हा 13 व्होल्ट वाटेत जातात. तेवढे चालते. पण मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. 25 अँपिअर धरले तरी 54 व्होल्ट नुसत्या वायरीत गेले, आणि जनरेटरचे स्वतःचे व्होल्टेज त्या क्षणी खाली बसते ते वेगळेच. मोटारीची फिरवण्याची ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते. 230 च्या जागी 180 व्होल्ट मिळाले तर ताकद 78 टक्के उरत नाही, 61 टक्केच उरते. मग पंप गुरगुरेल नाहीतर काय करील?

आम्ही चौघांनी मिळून जनरेटर उचलला आणि विहिरीपाशी नेला. गव्हर्नरचा स्क्रू मागे फिरवून रिकाम्यावर 52 हर्ट्झवर आणला. व्होल्टेज 243 वर आले. पंपाला जनरेटरपासून पाच-सहा मीटर वायर लागली. बटण दाबले, दिवा एकदा मंद झाला, आणि पंप फिरला. टाकी भरली. मग पंप बंद करून, आकडा पुन्हा पाहून, तीच लांब वायर घरांकडे जोडली. फ्रिज आणि चार्जर यांना मिळून चार अँपिअरही लागत नव्हते, त्यामुळे त्या वायरीत नऊ व्होल्टच्या आत उतार. फ्रिजपाशी 226 व्होल्ट मिळत होते. त्या रात्री वहिनीच्या बाटल्या पुन्हा फ्रिजमध्ये गेल्या. वाडीत वीज यायला पुढे महिना लागला, तोवर दोन तास सकाळी, दोन तास संध्याकाळी, असाच क्रम चालला. फ्रिज दिवसभर उघडायचा नाही, आणि रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, म्हणजे गारवा टिकतो, हा नियम वहिनीनेच घातला.

आता व्होल्टेज चुकले तर नक्की काय बिघडते ते समजून घ्या. जास्त झाले तर इस्त्री, शेगडी, जुना बल्ब यांत उष्णता वर्गाने वाढते. 230 च्या जागी 276, म्हणजे वीस टक्के जास्त व्होल्ट दिले तर कॉइलमध्ये 44 टक्के जास्त उष्णता. टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे यांच्या आत येणाऱ्या विजेचा शिखरबिंदू मोजला जातो, तो मीटरवरच्या आकड्याच्या 1.41 पट असतो. 230 ला तो 325 व्होल्ट, 280 ला 396. आणि आतल्या कंडेन्सरवर अनेकदा 400 व्होल्टच लिहिलेले असते. म्हणजे कड्याच्या अगदी टोकाला उभे राहण्यासारखे. कमी झाले तर चार्जर आणि टीव्ही बहुधा वाचतात, पण मोटार आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर वाचत नाही. तो फिरायला बघतो, फिरू शकत नाही, भरमसाट करंट ओढतो आणि वाइंडिंग तापते. फ्रिजमागून थोड्या-थोड्या वेळाने 'टक्' असा आवाज येऊ लागला तर समजा, त्याचा रक्षक त्याला वाचवू पाहतो आहे. लगेच बंद करा, आणि निदान पाच मिनिटे पुन्हा लावू नका.

तुमच्या घरी जनरेटर आला तर पुढीलप्रमाणे करा, एवढी विनंती.

सर्वांत आधी काहीशे रुपयांचा एक मल्टिमीटर घरात घ्या. हर्ट्झ दाखवणारा मिळाला तर उत्तम. जनरेटर रिकामा सुरू करा, तीन-चार मिनिटे गरम होऊ द्या, मग मोजा. 253 च्या वर व्होल्ट किंवा 53 च्या वर हर्ट्झ असतील तर काहीही जोडू नका. मग भार टाका आणि पुन्हा मोजा, जनरेटरपाशी नव्हे, तर जिथे फ्रिज लावायचा त्या प्लगपाशी. 207 च्या खाली गेला तर भार कमी करा किंवा जाड आणि आखूड वायर वापरा. स्वस्त मीटर जनरेटरची ओबडधोबड लाट मोजताना थोडा चुकू शकतो, म्हणून तोच मीटर एकदा सरकारी विजेवर लावून पाहावा आणि काठावरचे आकडे धोक्याचेच समजावेत.

भार टाकताना सर्वांत मोठी मोटार आधी, मग फ्रिज, मग दिवे आणि शेवटी टीव्ही-चार्जर. काढताना उलट क्रम, म्हणजे मोटार बंद होताना उसळणारे व्होल्टेज नाजूक वस्तूंना लागत नाही. मोटारीसाठी जनरेटर घ्यायचा तर चालू भाराच्या निदान तिप्पट ताकदीचा घ्या. एक हॉर्सपॉवरचा पंप प्रत्यक्षात 1100 ते 1200 वॉट ओढतो, हे विसरू नका. कंडेन्सरच्या जनरेटरवर जुना पिवळ्या उजेडाचा बल्ब लावून ठेवा. तो लकाकला तर व्होल्ट वाढले, मंदावला तर उतरले. मीटर हातात नसला तरी हा पहारेकरी सांगतो. पेट्रोल संपेपर्यंत चालवू नका, कारण शेवटच्या थेंबांवर इंजिन गचके खाते आणि त्याबरोबर व्होल्टेजही. आधी भार काढा, मग इंजिन बंद करा. आणि गव्हर्नरच्या स्क्रूला कोणी हात घालू लागला तर त्याला विचारा, "मीटर कुठे आहे?" मीटर नसेल तर स्क्रूही नाही.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत, त्या सांगितल्याशिवाय कागद संपवता येत नाही. जनरेटर घरात, पडवीत किंवा गोठ्यात चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. मोकळ्या जागी, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवा. पाऊस असेल तर वर आडोसा करा, पण बाजू उघड्या ठेवा. दुसरी गोष्ट, दोन्हीकडे पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज घरच्या प्लगमध्ये उलटी घालण्याची युक्ती काही लोक करतात. ती कधीही करू नका. ती वीज मीटरमधून लाइनवर जाते, गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून हजारो व्होल्टची होऊ शकते, आणि तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. वादळानंतर आपल्यासाठीच राबणारा तो माणूस असतो. घराला जोडायचेच असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच वायरमनकडून बसवून घ्या, नाहीतर उपकरणे सरळ जनरेटरच्याच प्लगवर लावा.

आमच्या वाडीने त्यानंतर सामायिक जनरेटर विकत घेतला, एव्हीआरचा. त्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. रिकाम्यावर किती व्होल्ट, किती हर्ट्झ. पंपावर किती. फ्रिज आणि दिव्यांवर किती. दर सहा महिन्यांनी मोजायचे आणि तारीख घालून लिहायचे. पहिल्या वर्षी रिकाम्यावर 235 होते, नंतर एकदा 249 झाले, तेव्हा एव्हीआर तपासून घेतला आणि मोठा खर्च टळला. कागदावरचे अक्षर आता माझे नसते. वहिनी लिहिते. चौथीपर्यंतच शिकलेली ती बाई आज मीटरचा काटा कुठल्या खुणेवर ठेवायचा हे वाडीतल्या मुलांना दाखवते.

तुम्हीही असा एक कागद करा. जनरेटर भाड्याचा असला तरी करा, आणि तो परत देताना कागद घरी ठेवून घ्या. पुढच्या खेपेला कोणी म्हणाला की हा जनरेटर अगदी नव्यासारखा आहे, तर तो कागद त्याच्यापुढे ठेवा आणि मीटर लावा. मग बोलणे दोन मिनिटांत संपते.